पडद्याच्या कडेचा अंगठा

मु. कडाव, ता. कर्जत, जि. कुलाबा
दि. १४ जानेवारी १९६८

श्री. लिओनार्ड हॅस्केट, चित्रपट-दिग्दर्शक, यांस

महोदय,

आपल्यासारख्या विख्यात माणसाला पत्र लिहिण्याचा मला काहीही अधिकार नाही. तरीही मी लिहीत आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागते.

आपण मला ओळखणार नाही. चार वर्षांपूर्वी आपला घाटातला चित्रपट करण्यासाठी आपण कर्जतला आलात, तेव्हा आपले म्हणणे गावकऱ्यांना आणि गावकऱ्यांचे आपल्याला समजावून सांगण्यासाठी एक मुलगी नेमली होती. दोन वेण्या, जाड भिंगांचा चष्मा आणि काखेत शब्दकोश. ती मी. आपण मला ‘मिस डिक्शनरी’ म्हणत असा आणि मी लाजून शब्दकोश पदराआड लपवीत असे. दुपारच्या सुट्टीत आपण मला कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहू दिले होते. तेव्हा आपण सांगितलेले वाक्य मी वहीत उतरवून ठेवले होते: “मधोमध काय आहे ते सगळेच पाहतात. तू चौकटीची कड पाहत जा. गुन्हेगार नेहमी कडेला सापडतो.”

हे पत्र मी मराठीत लिहिले असून माझ्या इंग्रजीतले त्याचे भाषांतर सोबत जोडले आहे. शालान्त परीक्षेत मी इंग्रजीत तालुक्यात पहिली आले होते खरी, परंतु ते इंग्रजी परीक्षेपुरते होते. त्यात तक्रार कशी मांडावी, हे शिकवलेले नव्हते.

त्या चित्रपटानंतर आपण आणखी दोन चित्रपट केलेत, म्हणून त्याची गोष्ट थोडक्यात सांगते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी इंजिने लावण्यासाठी कर्जतला थांबवतात. तेवढ्या अवधीत आपली टोळी मेलमधले सोने लुटते आणि वाटेत आलेल्या सांधेवाल्याला मारते. ती बातमी त्याच्या घरी पोचते आणि त्याची बायको ओटीच्या दगडावर हात आपटून बांगड्या फोडते. ते घर आमचे होते. तो दगडही आमचाच. आजही आम्ही त्यावर पाय धुतो. आणि ती बायको म्हणजे माझी वहिनी जनी, माझा थोरला भाऊ बुधाजी याची पत्नी. मुंबईहून आणलेली नटी त्या कामासाठी आपल्याला खोटी वाटली. दूध घालून परत येणारी वहिनी आपल्याला रस्त्यात दिसली आणि आपण बोट दाखवून म्हणालात, “ती.” नटीला मग शेजारणीचे काम दिले गेले.

वडील नसल्याने घरात शब्द चालतो तो माझ्या आईचा, सोनुबाईचा; ती आधी साफ नाही म्हणाली. नवरा जिवंत असलेल्या बाईचे मनगट आमच्याकडे क्षणभरही रिकामे राहू देत नाहीत. कासार नव्या बांगड्या भरतो तेव्हाही जुनी एक हातात ठेवूनच भरतो. भाऊ मात्र हसून म्हणाला, सायबाच्या खेळात काय होतंय. अखेर आईने माझ्यामार्फत आपल्याला अटी घातल्या. वहिनीचे कुंकू पुसायचे नाही, तोंड फिरवून चित्र घ्यायचे. फोडायच्या बांगड्या आपण विकत आणायच्या. आणि वहिनीची स्वतःची एक हिरवी बांगडी, मुद्दाम मोठ्या मापाची घेतलेली, चोळीच्या बाहीखाली दंडावर राहील. आई म्हणाली होती, “येक अंगावर हाय तवर ती सवाशीन हाय. सायबाला नीट उमजून सांग गं.”

मी नीट सांगितले. आपण छातीवर हात ठेवून मान लववलीत. मला तो मान लववण्याचा प्रकार फार आवडला होता.

आईला ते पाहणे सोसणारे नव्हते, म्हणून ती देवळात जाऊन बसली. पहिल्या दोन वेळा आपण मनासारखे झाले नाही म्हणून पुन्हा बांगड्या भरायला लावल्या. तिसऱ्या वेळी वहिनीने हात खाली आणले आणि दंडावरची हिरवी बांगडी घसरून मनगटावर आली. वहिनी थबकली. कॅमेरा थांबला नाही. मी आपल्या खुर्चीशेजारीच उभी होते. मी म्हणाले, “सर, तिचा नवरा जिवंत आहे. ती बायको आहे.” आपण माझ्याकडे न पाहता म्हणालात, “चित्रपटातही ती बायकोच आहे.” आणि शेजारणीच्या नटीला दोन बोटांनी खूण केलीत. नटीने वहिनीचे मनगट पकडले आणि दगडावर आपटले.

त्यानंतर वहिनीच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मला इथे लिहिता येत नाही. तो आपल्याकडेच आहे.

आपल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या हातातली बांगडी काढून वहिनीच्या हातात चढवली. ती एवढेच म्हणाली, “आत्याबाईंना सांगू नको गं गोदा. त्यांच्या जिवाला घोर लागंल.” मी सांगितले नाही. त्या श्रावणात ओढ्याच्या उतारावर गाडी उलटून भावाचा पाय चाकाखाली सापडला. तो वाचला, लंगडत का होईना, शेत करतो.

गेल्या दिवाळीत आपला चित्रपट मुंबईत लागला. खालापूरचे एक गृहस्थ, नाव नामदेव, मुंबईत कचेरीत आहेत. त्यांनी तो पाहिला आणि कौतुकाने घरी आईला सांगितले की ठोंबऱ्यांच्या सुनेचा हात पडदाभर दिसतो, आणि एकेक बांगडी फुटते, आणि शेवटची एक हिरवी तर एकटीच फुटते. त्यांना वाटले, आपण स्तुती करतो आहोत. त्यांच्या आईने फक्त एक प्रश्न विचारला: मग हातात कोणती उरली?

ही गोष्ट आमच्या घरी पोचायला फार दिवस लागले नाहीत. माझी आई आता म्हणते, “पैशापायी फोडलीन. माज्या पोराचा पाय त्या बांगडीनं नेला.” आमच्याकडे बांगडी आपोआप वाढली किंवा दुसऱ्याच्या धक्क्याने वाढली, तर बाईला दोष नाही. जाणूनबुजून स्वतः फोडली, तर तिने नवऱ्याच्या जिवावर हात टाकला असे मानतात. तेव्हापासून वहिनीला कोणी ओटी भरायला बोलवत नाही. शेजारची पोटुशी सून ती दिसली की आत जाते. नवरा अंगणात भात झोडतो आहे आणि ही मागच्या पडवीत विधवेसारखी भांडी घासते आहे. मी पाहिलेले सांगितले तर आई म्हणते, तू नणंद तिची, तू सायबाची दुभाषीण, तू दुसरं काय सांगणार? वहिनी स्वतःसाठी काहीच बोलत नाही.

या वैशाखात या घरात एका मुलीचे लग्न आहे. नवरीला हळदीचा पहिला हात भावजयीने लावायचा, ही आमची रीत. वराकडच्यांनी कळवले आहे की ही भावजय हळदीला पुढे दिसता कामा नये.

मी मुंबईला जाऊन आपला चित्रपट पाहिला. आपण सांगितल्याप्रमाणे चौकटीची कड पाहिली. शेवटची बांगडी फुटते त्या क्षणी पडद्याच्या डाव्या कडेला एक अंगठा दिसतो. त्याच्या नखाला लाल रंग आहे. माझ्या वहिनीने जन्मात नखे रंगवली नाहीत.

माझी विनंती लहान आहे. तो अंगठा कोणाचा, आणि तो कोणाच्या सांगण्यावरून तिथे आला, एवढे आपल्या हस्ताक्षरात दोन ओळी लिहून पाठवावे. आपला शब्द इथे मानला जाईल. माझा मानला जात नाही. एका मुलाखतीत आपण म्हटल्याचे वाचले की त्या बाईने भूमिकेत देहभान हरपून स्वतःची शेवटची बांगडी स्वतःच फोडली. ती वार्ताहराची चूक असावी, असे मी धरून चालते.

आपली नम्र,
गोदावरी धाऊ ठोंबरे
साहाय्यक शिक्षिका


कडाव
दि. ३० मार्च १९६८

श्री. हॅस्केट यांस

तुमचे पाकीट मिळाले. पोस्टमनने ते घरापर्यंत मिरवत आणले. पाकिटावर तुमच्या देशाचे तिकीट पाहून अर्धा पाडा गोळा झाला होता. आईने हात धुऊन, पदराला पुसून ते घेतले आणि देवापुढे ठेवले. वहिनी मागच्या दारातून उठून पुढच्या दारापर्यंत आली, तेवढी ती या वर्षात प्रथमच आली.

आत तुमचा फोटो निघाला. तुम्ही खुर्चीवर उलटे बसला आहात, हनुवटी खुर्चीच्या पाठीवर, आणि खाली निळ्या शाईत ‘शुभेच्छांसह’ असे लिहून सही केली आहे. पाकीट मी उलटे करून झटकले. आणखी काही नव्हते.

या पत्रासोबत भाषांतर जोडलेले नाही. मागचे जोडले होते, त्याचा उपयोग काय झाला ते पाहिले. तुम्हाला हे वाचायचे असेल तर वाचून दाखवणारा माणूस शोधा. कडावात तुम्ही शोधलाच होता.

या दोन महिन्यांत मी तुमच्याविषयी मिळेल ते वाचले. ज्या नामदेवांचा मागे उल्लेख केला, त्यांनी मुंबईतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून इंग्रजी सिनेमासिकांचा गठ्ठा आणून दिला. आता लपवण्यासारखे काही नाही. लग्न माझे आहे आणि वर तेच आहेत. चांगले आहेत. माझ्याशी बोलताना शब्द जपून वापरतात आणि मला पुढे शिकू देणार आहेत. त्यांनी आणलेल्या गठ्ठ्यातून मी तुमची कारकीर्द क्रमाने लावली, शाळेत पोरांना इतिहास लावून देते तशी.

तुमचा पहिला चित्रपट बंदरावरच्या खुनाचा. त्यात म्हातारी आई शवागारात मुलाचे प्रेत ओळखते. त्या म्हाताऱ्या नटीला तुम्ही चित्रीकरणापूर्वी खोटेच सांगितलेत की तिच्या खऱ्या मुलाला अपघात झाला आहे, आणि संध्याकाळपर्यंत खरे सांगितले नाहीत. हे तुम्हीच हसत सांगितले आहे; लिहिणाऱ्याने त्याला प्रतिभा म्हटले आहे. दुसऱ्या चित्रपटात तिजोरीत कोंडलेला कारकून श्वासासाठी दार बडवतो. ते दार तुम्ही ठरल्यापेक्षा उशिरा उघडलेत. त्या नटाने पुन्हा तुमच्याकडे काम केले नाही; त्याबद्दल तुम्ही त्याला भित्रा म्हटले आहे. तिसऱ्यात फोटोच्या कोपऱ्यातल्या एका गुंडीवरून तुमचा पोलीस खुनी शोधतो. त्यावर तुम्हाला पारितोषिक मिळाले. मग दोन चित्रपट पडले, कंपनीने तुम्हाला सोडले, आणि लोक म्हणू लागले की हॅस्केट संपला. त्यानंतर तुम्ही आमच्याकडे आलात.

सगळे लेख एका गोष्टीवर येऊन थांबतात. तुमच्या वीस वर्षांच्या कामातला सर्वांत खरा क्षण म्हणजे त्या भारतीय स्त्रीची किंकाळी, असे त्यांचे मत आहे. त्या क्षणाने तुम्हाला पुन्हा उभे केले. आता तुम्ही विद्यापीठांत ‘पडद्यावरचे सत्य’ या विषयावर व्याख्याने देता. मुलाखतही मी पुन्हा वाचली. वार्ताहराची चूक नव्हती. तेच वाक्य तुम्ही दुसऱ्या मासिकात दुसऱ्या वार्ताहरालाही सांगितले आहे, आणि पुढे जोडले आहे की त्या बाईचे नाव तुम्हाला कधीच कळले नाही.

मला जे दिसते ते लिहिते. तुमच्या चित्रपटांत खून, लूट, कट सगळे असते, पण ते लटके असते. बंदुकीत बार नसतो, रक्त रंगाचे असते. खरा गुन्हा प्रत्येक वेळी कॅमेऱ्याच्या अलीकडे घडलेला आहे. म्हातारीचा, कारकुनाचा, माझ्या वहिनीचा. तो तुम्ही केलात आणि त्याचे पुरावे स्वतःच जगभर दाखवीत हिंडता आहात. तुमचा पोलीस एक गुंडी पाहून माणूस पकडतो. इथे आख्खा अंगठा आहे.

तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा आता नाही, पण माझी बाजू अगदीच लंगडी नाही हे कळवावेसे वाटले. मी नामदेवांना सांगितले होते की पुन्हा जाऊन पाहा आणि डाव्या कडेवर नजर ठेवा. त्यांनी पाहिले. त्यांचे पत्र परवा आले: अंगठा स्पष्ट आहे, नखाला लाल रंग आहे, आणि मनगट ओढून खाली नेलेले कळते. लग्नाआधीच्या बैठकीत हे आपण स्वतः सर्वांसमोर सांगू, असे त्यांनी लिहिले आहे. तेव्हा तुमच्या दोन ओळींवाचून आमचे अडणार नाही.

वहिनीला मी त्यांचे पत्र वाचून दाखवले. ती म्हणाली, “दावल्यानं कदी कुनाचं डोळं उघडतात का गं? पन सांगू दे त्यास्नी. मला बरं वाटलं.”

तिने काल चुलीपुढून उठून डोक्याला तेल लावले.

गोदावरी ठोंबरे


कडाव
दि. ९ मे १९६८, दुपार

हॅस्केट,

आज माझे लग्न. अंगणात मांडव घातला आहे आणि घरात पाव्हण्यांची वर्दळ आहे. मी माळ्यावर बसून तुम्हाला लिहीत आहे, कारण मला आणखी कोणाला लिहायचे ते सुचत नाही.

गेल्या रविवारी बैठक झाली. वराचे वडील पदूशेट, त्यांचे भाऊ, आमच्याकडची जाणती माणसे, आणि नामदेव. पदूशेट तुमच्यासारखेच मोठे आणि हसरे आहेत. त्यांनीच विषय काढला, “सायबाचा कागद आलाय म्हनतात. काय लिवलंय?” आईने देवापुढचा फोटो आणून नामदेवांच्या हातात दिला. इंग्रजी वाचणारे तिथे आम्ही दोघेच होतो. त्या क्षणी ते काहीही वाचू शकले असते; अंगठ्याची हकीकत, वहिनीची निर्दोषता, काहीही. मी ती इच्छा केली नाही असे म्हणणार नाही. त्यांनी जे होते ते वाचले.

“शुभेच्छांसह. एवढंच.”

“म्हंजे अहेर धाडला सायबानं,” पदूशेट म्हणाले, आणि सगळे हसले. माझा भाऊसुद्धा हसला, कसे हसू नये हे न कळून.

मग मी बोलले. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत मी कधी बोलत नाही. मी अंगठ्याचे सांगितले, लाल नखाचे सांगितले, आणि म्हणाले की यांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे, यांना विचारा. सगळे नामदेवांकडे वळले. त्यांनी वडिलांकडे पाहिले. फोटो उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. आणि म्हणाले, “पडद्यावर समदं भर्रकन जातं. माझ्या काय लक्षात नाय आलं.”

त्यांचे पत्र माझ्या ट्रंकेत होते. मी ते आणले नाही. माणूस समोर बसून नाही म्हणतो आहे, तिथे त्याचेच अक्षर त्याच्यापुढे धरून काय मिळणार? तुम्हाला हे नवे नसेल. तुमच्या तिसऱ्या चित्रपटात साक्षीदार न्यायालयात फिरतो, तेव्हा तुम्ही कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर न नेता त्याच्या हातातल्या टोपीवर नेला होता. मीही फोटोकडेच पाहत होते. त्याचा कोपरा त्यांनी दुमडून टाकला होता.

ठरले ते असे: वहिनी हळदीच्या वेळी मागच्या पडवीत राहील आणि पहिला हात मामी लावेल. वहिनी दाराआडून म्हणाली, “व्हय, मी ऱ्हाते. पोरीचं मार्गी लागूं द्या.” बैठक उठल्यावर तिने तुमचा फोटो हातात घेऊन पाहिला. “ह्योच तो,” म्हणाली. “तवाबी असाच हसत हुता.”

काल संध्याकाळी खालापूरहून उष्टी हळद आली. वराला लावून उरलेली हळद नवरीला लावतात. ती घेऊन त्यांच्याकडच्या बायका आल्या, पुढे नामदेवांची आई. मला पाटावर बसवले. मामी वाटीत बोटे घालणार, तेव्हा मी म्हणाले, “पयला हात वहिनीचा.” घरातल्या बोलीत बोलले, पुस्तकी बोलले असते तर त्यांना शिक्षिका बोलते आहे असे वाटले असते.

आई म्हणाली, “उगी ऱ्हा गोदे.” मी दोन्ही हात पदराखाली घेऊन बसून राहिले. मामीने समजावले, शेजारणींनी समजावले. नामदेवांच्या आईने अगदी शांतपणे म्हटले, “शिकल्याली पोर हाय, आमाला ठाव हुतं. तरी आमी हो म्हनलो.”

तेव्हा माझा भाऊ उठला. बुधाजी बैठकीत तोंड उघडत नाही. पाय गेल्यापासून तर घरातही फार बोलत नाही. तो लंगडत मागच्या पडवीत गेला आणि वहिनीला मनगटाला धरून पुढे घेऊन आला, जिथे तिचे मनगट त्या दिवशी त्या नटीने धरले होते तिथेच धरून. ती मागे ओढत होती. माझ्यापुढे उभी करून तो सगळ्या बायकांना म्हणाला, “जिच्या नवऱ्याचं वंगाळ झालं म्हनता, तो नवरा मी. जिता हाय. मला इचारलंत कुनी?”

आई रडू लागली. मला वाटले आता ती काहीतरी म्हणेल. ती पदराने डोळे पुसत राहिली.

वहिनीने बोटे पुढे केली, तेव्हा नामदेवांच्या आईने हळदीची वाटी उचलली. ओतली नाही की आपटली नाही. पदराखाली झाकून घेतली. “ही आमच्या पोराच्या अंगाची हाय,” एवढेच म्हणाली. बायका उठल्या. वाटी परत गेली.

मांडवात तेवढ्यात कोणीतरी पेट्रोमॅक्स पेटवला होता आणि त्याच्या उजेडात आम्ही घरचे चौघे उरलो. वहिनी कोनाड्यातून घरची हळकुंडे काढून जात्याशी बसली. मी म्हणाले, आता कशाला? ती म्हणाली, “सुरू केलंस ना? मंग पुरं कर.” दळून, भिजवून तिने ती माझ्या कपाळाला, गालांना, हातापायांना लावली. पाच सवाष्णी हव्यात. ती एकटीच होती. लावून झाल्यावर तिने उरलेली वाटी माझ्या पुढ्यात ठेवली आणि मागच्या पडवीत निघून गेली, तिथेच, जिथे ती बसत आली आहे. आज सकाळी ती पाणी भरायला गेली तेव्हा विहिरीवरच्या बायका बाजूला झाल्या. काही बदललेले नाही. उलट आता माझे लग्न मोडल्याचेही तिच्याच माथी येईल. हे मला काल रात्री कळायला हवे होते, की कळूनही मी केले, ते मला अजून ठरवता येत नाही.

सकाळी खालापूरहून एक माणूस निरोप घेऊन आला. तूर्त वऱ्हाड निघत नाही. लोक शांत झाले की पुढे पाहू, असे नामदेवांचे म्हणणे आहे. सोबत त्यांनी मला द्यायचे राहिलेले एक मासिक पाठवले होते. त्यात तुमच्यावर लेख आहे. त्यांनी खूण घालून ठेवली होती, त्यामुळे मी तो वाचला. तुम्ही पुन्हा भारतात येणार आहात. या वेळी नदीकाठचे एखादे गाव हवे आहे, आणि नवी, कॅमेरा न पाहिलेली माणसे.

म्हणून हे पत्र पाठवते आहे. तुम्हाला शिक्षा होईल असे मला वाटत नाही. तुमच्या चित्रपटांखेरीज असले कुठे होत नाही. मुलाखतींत तुम्ही म्हणता की तिचे नाव तुम्हाला कळले नाही. मी दुभाषी म्हणून तुमच्याकडे होते आणि ते सांगायचे काम माझे होते. तुम्ही विचारले नाहीत, म्हणून राहून गेले. तिचे नाव जनाबाई बुधाजी ठोंबरे. तिचा नवरा जिवंत आहे. तुमचा फोटो परत पाठवते. तो ठेवायला आमच्या घरात जागा नाही. फोटोला आणि पाकिटाला पिवळे डाग पडले आहेत. ते मी पुसले नाहीत.

कडावचे टपाल सकाळीच गेले. पुण्याकडून घाट उतरून येणाऱ्या मेलचे ब्रेक तपासण्यासाठी तीही कर्जतला थांबवतात, आणि तिच्या टपालाच्या डब्याला पेटी असते. जादा तिकीट लावले की तिच्यात टाकलेले पत्र त्याच गाडीने मुंबईला जाते. भावाने गाडी जुंपली आहे. मी लग्नाचीच साडी नेसून जाणार आहे, दुसरी आता काढत बसत नाही.

हे उरलेले फलाटावरून लिहिते. हमाल बघत आहेत. एक बाई विचारून गेली, नवरी एकटी कशी? भाऊ बाकावर पाय लांब करून बसला आहे. तो तिला म्हणाला, “एकटी नाय. मी हाय.” गाडी आली आहे. तुमच्या चित्रपटात इथेच मेल लुटली गेली होती. खरोखर ती फक्त थांबते, माणसे चाके ठोकून पाहतात, आणि जाते.

मुहूर्त गोरजाचा होता, तीच वेळ झाली आहे. पत्र पेटीत टाकत आहे: कर्जत स्थानक, गुरुवार, दिनांक ९ मे १९६८, सायंकाळी सहा वाजून सत्तावन्न मिनिटे.